दोरीचे तुकडे

३ तारीख, सोमवार
आले एकदाची लेकाच्या नव्या घरी. मागची खोली माझी. दार एकच, थेट अंगणात उघडणारं. समोर भलंमोठं जुनं झाड. सावली अशी, की दुपारी पंखा लागत नाही. खिडकीच्या गजापासून खोडापर्यंत दोरी बांधली. चार चादरी ऐसपैस वाळतात. मी चौथी शिकलेली. नातीने वही दिली, तर गिरवते.

६ तारीख
सूनबाईला झाड नको. मुळांनी भिंत तडकली म्हणते. तिला नको, म्हणून मला हवंच. झाडं तोडणारा करवत घेऊन आला. म्हणाला, आजी, हे लवकर पाडा, याचं लक्षण बरं दिसत नाही. मी म्हटलं, तुझं तोंडही बरं दिसत नाही, ते पाडायचं का? गेला तणतणत. सून दोन दिवस बोलणार नाही. तेवढीच शांतता.

९ तारीख
दोरी सैल पडून चादरी मातीत लोळल्या. सून म्हणाली, साधी गाठही जमत नाही का आता? पन्नास वर्षं गाठी मारतेय मी. ताणून बांधली, उरलेलं टोक कापलं. चांगलं हातभर निघालं.

११ तारीख
पुन्हा सैल. पुन्हा हातभर कापली.

१४ तारीख
पाच तुकडे झाले. उशाखाली ठेवलेत. दोरीवर आता एकच चादर मावते. भिंत जागची हललेली नाही. मग हललं कोण?

१५ तारीख
लेकाला तुकडे दाखवले. म्हणाला, आई, झाडं चालत नसतात. आणि चहा प्यायला गेला.

१७ तारीख
सुनेसमोर मान खाली घातली. पाडा म्हटलं. ती भाजी चिरतच राहिली. "तुम्हालाच हवं होतं ना? आता राहा त्याच्या शेजारी."
लेकाने त्या माणसाला फोन केला. तो येत नाही म्हणाला. आजींना माझं तोंड बघवत नाही, दुसरा शोधा.
दुसरा माणूस पुढच्या सोमवारी येतो—

१८ तारीख
दार चार बोटंच उघडतंय. पुढे खोड. हाका मारल्या. सगळे कामावर, नात शाळेत—
दोरी वीतभर—

दुपार
दार आता मिटलं. खिडकीत साल—गज वाकतायत—
सूनबाई, तुकडे उशाखाली आहेत. जोडून माप. गाठ माझी पक्की होती. पण झाडाचं—तेवढं माझं चुक—