वाहत्या पाण्यात नको

प्रिय केया,

तू इकडे परदेशात वाढलीस, म्हणून मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत लिहिते आहे. तरी कुठे अडलंच तर वाचून घ्यायला ज्ञानदामावशीकडे जाऊ नकोस, मला फोन कर. तेवढंच बोलणं होईल. बाबा गेल्यापासून घरात फ्रिजचाच काय तो आवाज. एकटीसाठी कुकर लावावासा वाटत नाही, दूध-पोह्यांवर भागवते. रागावू नकोस.

तू नाशिकला जायची विमानाची तिकिटं काढलीस, मोरेश्वरकाकांनी तिकडे गुरुजीही ठरवले. अस्थी वाहत्या पाण्यात सोडायच्या, हे मीही लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे फोनवर हो म्हणाले खरी.

परवा इथे खूप पाऊस झाला आणि मी सवयीने बाबांचे गमबूट दाराशी काढून ठेवले. मग स्वतःच घातले, आत दोन-दोन मोजे कोंबून, आणि गाडी काढून त्यांच्या दलदलीवर गेले. तुझ्या वाढदिवसालाही पाऊस आला की ते तिथेच असायचे, आणि तू आठवडाभर अबोला धरायचीस. मी तर तिला माझी सवतच म्हणायचे. तिथे हजारो वर्षांची पानं-मुळं पाण्याखाली न कुजता साठली आहेत. पूर्वी कुणीतरी शेतीसाठी चर खणून पाणी काढून दिलं, तशी जमीन सुकली, आतल्या आत धुमसू लागली आणि साठलेला सगळा कार्बन हवेत जाऊ लागला. बाबांचं काम एवढंच, चरांच्या तोंडाशी लाकडी फळ्या सरकवून पावसाचं पाणी थांबवायचं. जमीन भिजलेली राहिली की आतलं आतच राहतं. आपल्याला वाटायचं, चिखलात एवढा जीव लावण्यासारखं काय आहे!

मी त्या फळ्यांपाशी उभी राहिले. पाणी काठापर्यंत आलं होतं, जरासुद्धा हलत नव्हतं. मी खूप रडले. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, कुठून तरी निघावंसं वाटेना.

केया, तिकिटं कॅन्सल कर. ज्या माणसाने जन्मभर पाणी थांबवलं, त्याला मी वाहत्या पाण्यात कशी सोडून देऊ? अस्थी दलदलीतच सोडायची परवानगी मी तिथल्या ऑफिसातून काढली आहे. काकांची बोलणी मी खाईन. पण तो अस्थींचा डबा एकटीने उघडायचा धीर होत नाही गं. तुला अ‍ॅशबर्नहून लांब पडतं, माहीत आहे. तरी शनिवारी ये. येताना तुझे बूट आण, बाबांचे मी घालणार आहे.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई