‘बोलका’चे तीन सहभाग दिवस

४ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी ७.
ठरलं. यंदा माणसं आणायची म्हणजे आणायचीच.
‘बोलका’ सुरू करून चार वर्षं झाली. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. फुकट आणि ओपन सोर्स. म्हणजे आतला कोड सगळ्यांना उघडा. कोणीही यावं, चुका शोधाव्यात, दुरुस्त कराव्यात. चार वर्षांत किती आले? मी. आपल्या लोकांना फुकटचं वापरायला हवं, बोट लावायला नको. शिसारी येते.
उपाय: तीन ‘सहभाग दिवस’. पहिला १८ तारखेला, आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटी हॉलमध्ये. साठ माणसं धरली आहेत. पोस्टरवर माझा फोटो जरा मोठा झालाय, पण संस्थापक दिसायला हवा. मंजुषाने विचारलं, पत्ता आणि वेळ कुठाय? बायको असली तरी तिला डिझाइनमधलं कळत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार.
रबाळ्याच्या ऑफिसातल्या ग्रुपवर पोस्टर टाकलं. शौनकने पाच अंगठे पाठवले. म्हणजे शौनक नक्की.
‘सहभाग नियमावली’ पूर्ण. एक्केचाळीस नियम. कमी वाटतात.
सेक्रेटरी म्हणाले, हॉल दहा ते एक. नंतर हळदीकुंकू आहे. तंत्रज्ञानाला ह्या देशात कुठलं स्थान आहे ते कळलं.

१८ जानेवारी, रविवार.
आले सात. त्यातल्या पाच बायका हळदीकुंकवाला लवकर आलेल्या. शौनक नाही. फोन केला तर म्हणाला, अंगठा म्हणजे ‘बघितलं’.
उरल्या दोघी. एक तेजश्री. मूळची साताऱ्याची, पावण्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसते. दुसरी राहीबाई. पावणे गावातली, मासे विकते. साखरेने नजर गेलीय, फोनवरची अक्षरं दिसत नाहीत. तेजश्री तिच्याकडून मासे घेते, तीच घेऊन आली.
मी ओपन सोर्सच्या तत्त्वज्ञानावर बोललो. एक तास पन्नास मिनिटं. तेजश्रीने मध्येच हात वर केला, म्हणाली, “सर, काम कवा द्यायचं?” म्हटलं, आधी भूमिका. राहीबाई म्हणाली, “तुजा भाशान बेस झाला, बाला. पन फोन कवा बोलल?”
शेवटी तिच्या भाचीची लग्नपत्रिका ‘बोलका’ला वाचायला दिली. ‘चि. सौ. कां. श्रुती’ असं होतं. ‘बोलका’ने खणखणीत वाचलं, “ची शंभर का श्रुती.” मी आकड्यांची यादी हिंदीवरून उचलली होती, त्यात सौ म्हणजे शंभर. छोटी गोष्ट. पण हळदीकुंकवाच्या बायका वाण ठेवून हसत बसल्या. एक दुसरीला म्हणाली, “चला शंभर मीना, कुंकू लावा.”
संस्थापकासमोर हसतात. काय ही पातळी.

२४ जानेवारी, शनिवार.
तेजश्रीने दुरुस्ती पाठवली. ‘सौ.’, ‘चि.’, ‘डॉ.’ सगळं ठीक केलंय. पण टीप मराठीत लिहिली. नियम १४: दुरुस्तीची टीप इंग्रजीतच हवी. मराठीसाठीचा प्रोजेक्ट असला तरी शिस्त आंतरराष्ट्रीय पाहिजे. परत पाठवली.
काम वाईट नव्हतं. हे तिला कळवलं नाही. डोक्यात जातं लोकांच्या.

१५ फेब्रुवारी, रविवार.
दुसरा सहभाग दिवस. ऑनलाइन, म्हणजे हॉलची कटकट नको. अकराला बरोब्बर सुरू केलं. स्क्रीनवर मी एकटा. दहा मिनिटं थांबलो, मग रेकॉर्डिंग होतंय म्हणून भाषण सुरू केलं. समाजाच्या उदासीनतेवर इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो. शेवटी शेवटी तर आवाज भरून आला.
पावणेबाराला मंजुषा बाहेरच्या खोलीतून आत आली. म्हणाली, “अरे, आम्हाला आत घे की.” ती चाळीस मिनिटं वेटिंग रूममध्ये होती. तिच्यासोबत आणखी बावीस जण. ‘प्रवेश द्या’चं बटण मला दाबायचं होतं.
दाबलं, तोवर चार उरले होते. ॲपचं डिझाइन भिकार आहे. आणि चाळीस मिनिटं धीर नाही, ती माणसं कोड काय लिहिणार? एका अर्थी चाळणीच झाली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
तेजश्रीची दुसरी दुरुस्ती. अपूर्णांक नीट वाचण्याबद्दल. ह्या वेळी टीप इंग्रजीत, पण नियम २३ पाहायचा राहिलाय (चर्चेशिवाय आकड्यांना हात लावू नये). चर्चा मी ठरवायची असते. सवड झाली की ठरवतो.

१ मार्च, रविवार.
राहीबाई काल मासळी बाजारात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं, रात्रभर सलाइन. साखर एकदम खाली गेली होती.
डॉक्टरने साखरेची गोळी कमी केली होती. मेसेजमध्ये लिहिलं होतं, ‘१/२ गोळी सकाळी’. तिच्या फोनवरच्या ‘बोलका’ने वाचलं, “एक दोन गोळी सकाळी.” तिने चार दिवस रोज दोन-दोन घेतल्या.
तेजश्रीचा फोन आला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, “सर, ती दुरुस्ती नऊ दिवस तुमच्याकडं पडून हाय.” मी सांगितलं की डॉक्टरांनी अक्षरात लिहायला हवं होतं. फोन कट झाला की तिने ठेवला, कळलं नाही.
दुरुस्ती आत घेतली. दोन मिनिटांचं काम.

२ मार्च, सोमवार.
पावण्याला गेलो. अपूर्णांक हा तांत्रिकदृष्ट्या अवघड विषय आहे, हे तिला समजावून सांगावं म्हणून. राहीबाई खाटेवर बसली होती. चेहरा एवढासा झालेला. सुनेला चहा टाकायला सांगितला. मी सुरुवात करायच्या आत म्हणाली, “तुजा काय नाय चुकला, बाला. मीच इचाराला पायजे व्हता. मना वाटला, फोन बोलतो तर खराच बोलत असल.”
म्हणजे चूक तिने मान्य केली.
चहा अर्धा टाकून उठलो. कडू लागत होता. घरी मंजुषाने विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, बरी आहे. नियमावली उघडली. नियम २३ काढला. बाकी चाळीस चांगले आहेत.

८ मार्च, रविवार.
विश्वासघात! तेजश्रीने ‘बोलका’चा सगळा कोड उचलून स्वतःचा वेगळा प्रोजेक्ट काढला. नाव ‘ऐका’. वेटिंग रूममधली माणसं शोधून ग्रुपही केलाय. वकील मित्राला फोन केला. तो म्हणाला, तुझ्याच लायसन्समध्ये लिहिलंय, कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. चार वर्षांत पहिल्यांदा लायसन्स वाचलं. तसंच लिहिलंय.
त्यांचा सहभाग दिवस २२ तारखेला. माझा तिसराही २२ लाच. आता बघूच माणसं कुठे जातात.

२२ मार्च, रविवार. सकाळी १०.४०.
हॉल. खुर्च्या साठ. मी. मंजुषा साडी नेसून दारात आली, मला वाटलं इथेच आली. म्हणाली, मी पावण्याला चाललेय, मागच्या आठवड्यात नाव दिलंय. तू येतोस?
मी येणार नाही. पाहणी करायला जाईन. ते वेगळं.

संध्याकाळी ६.
तेजश्रीच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होता कार्यक्रम. सत्तेचाळीस माणसं. शौनकसुद्धा! दारात एक गृहस्थ नावं लिहीत होते. मी नाव सांगितलं आणि थांबलो. त्यांनी ‘केयूर – नवीन’ असं कागदावर लिहून माझ्या शर्टाला चिकटवलं. मी म्हटलं, हे सगळं मूळ माझं आहे. ते म्हणाले, “सगळ्यांचंच हाय, दादा. त्या टेबलावर बसा.”
भाषण नाही. तेजश्रीने शंभर शब्दांची यादी दिली आणि ऐकून चूक-बरोबर खुणा करायला सांगितलं. मला ‘सर’ म्हणाली, पण माझ्यापाशी थांबली नाही. शेजारी राहीबाई कानाला फोन लावून बसली होती. “हा चुकला,” म्हणायची, मी खूण करायचो. चार वर्षांत मी एकही शब्द असा बसून ऐकला नव्हता. ‘भरलं वांगं’चं ‘भरलम वांगम’ तर ऐकवतच नव्हतं.
चारपर्यंत एकतीस चुका निघाल्या. सगळ्या माझ्याच काळातल्या. कोणी तसं बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

२३ मार्च, सोमवार. सकाळी ८.
‘बोलका’ अधिकृतपणे बंद केला. पानावर लिहिलं, ‘पुढचं काम ‘ऐका’मध्ये’. इतक्या लोकांना धक्का बसेल म्हणून आधी चार ओळींचं सांत्वनही लिहिलं. बटण दाबलं की सूचना सर्व सदस्यांना आपोआप जाते.
गेली. लगेच माझा फोन वाजला. सूचना मला आली होती.
खाली लिहिलं होतं: एकूण सदस्य, एक.