तासभराचं सांत्वन

ताई,

वीस वर्षं मी चर्चमध्ये बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या त्या नीतिमान माणसाची गोष्ट शिकवतोय. मित्र त्याच्याजवळ सात दिवस नुसते बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि चुकले, हे मला तोंडपाठ आहे. तरी तुझी लेक गेल्यावर तिच्याच खोलीत उभा राहून मी तासभर तुला दुःखाचा अर्थ समजावला. तू एवढंच म्हणालीस, "झालं असेल तर तिचे कपडे आवरायला हात लाव." मी घड्याळ पाहिलं आणि "उपासना आहे गं," म्हणून सटकलो. दारात तुझी शेजारीण भेटली. ती चपला काढून आत गेली आणि मुकाट्याने घड्या घालू लागली.

माझ्याने मान वर करवत नाही. हे पत्र टाकणार नाही, यातही मीच बोलतोय. उद्या येतो, नुसता बसायला.

तुझा धाकटा