नागपूरचे सर

१० जून
आज खोटं बोलले. आणि काम मिळालं!

दुकान उघडून नऊच दिवस झालेत. दुकान म्हणजे कुडव्यातल्या आमच्या भाड्याच्या घराची पुढची खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. सहा वर्षं गोंदियात एका फ्लेक्सवाल्याकडे लोकांचे वाढदिवस रंगवले, आता जे काय करायचं ते स्वतःचं.

गोवर्धनजी आले. गोरेगाव रोडवर त्यांची राइस मिल आहे. तांदळाच्या पिशवीचं डिझाइन हवं होतं. मी केलेलं दाखवलं — पांढरी पिशवी, धानाची एकच लोंबी, खाली नाव ठसठशीत. त्यांनी ते बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे मोरी!
“मॅडम, साहब कहाँ हैं? डिझाइन कौन बनाता है?”
“मीच.”
हसले. “नहीं, मतलब... असल में कौन?”
आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं — “सर नागपूरला असतात. हिमांशू सर. फायनल तेच करतात.”
काय चेहरा उजळला माणसाचा! “तो उन्हीं से करवाओ ना!”

१३ जून
तीच पिशवी. एक रेघ बदलली नाही. ‘सरांनी पाठवली’ म्हणून समोर ठेवली.
गोवर्धनजी म्हणाले, “देखा? हाथ-हाथ का फर्क होता है.”
माझे दोन्ही हात टेबलाखाली. एक दुसऱ्याला चिमटा काढत होता.

२ जुलै
सर आता चौघांचे झाले. लोकांना सरांशी बोलायचंय. म्हणून देवेंद्रला पकडलं. (तोंडावर ‘अहो’, इथे देवेंद्र. वही माझी आहे.) आवाज भरदार आहे नवऱ्याचा. कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर पार्सलांवर शिक्के मारतो, तिथे त्या आवाजाचा काही उपयोग नाही. जुनं एक सिम पडलं होतं, ते दिलं. तीनच वाक्यं पाठ करून घेतली — ‘हं’, ‘बघतो’, आणि ‘रीनाला विचारा’.
“आणि हिंदीत विचारलं तर?”
“मग हिंदीत हं म्हणा!”

१९ ऑगस्ट
आज सरांना ताप आणला. मला माहेरी जायचं होतं.

२३ नोव्हेंबर
वर्षातला पहिला खरा धडा: लग्नपत्रिकेत मुहूर्त चुकला तर लोक फोन करून विचारतात. फुफाजींचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, नाव राहिलं तर लग्न मोडायला निघतात.

गोरेगावच्या शामकलाताईंच्या पोरीची पत्रिका तिसऱ्यांदा केली. पहिल्यांदा फुफाजी राहिले, दुसऱ्यांदा आले पण धाकट्या मामाच्या खाली आले. आज ताई सुधारलेली यादी घेऊन आल्या. वाचता वाचता शेवटच्या ओळीवर आले — ‘प्रमुख उपस्थिती: मा. हिमांशू सर, नागपूर’.
ते मलाच टाइप करावं लागलं. मा. सकट!
रात्री जेवताना देवेंद्र अगदी गंभीर. “जावं काय मग?”
इतकी हसले की वरण नाकात गेलं.

१५ जानेवारी
सरांना मतं यायला लागली आहेत.
एका मिठाईवाल्याला सरांनी परस्पर सांगितलं — लाल कमी करा, डब्यावर मोर घाला. मोर! मी आत जाऊन आरडाओरडा केला. देवेंद्र शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, “सरांचं मत होतं.”
मोर घातला. मिठाईवाला खूश. मला राग कशाचा आला तेच कळेना.

६ मार्च
आज सालेकशाहून जमुनाबाई आल्या, बचत गटाच्या अध्यक्ष. गटाच्या बाया मोहफुलांचे लाडू करतात, त्याचं पाकीट हवंय. फोनवर बोलणं झालं होतं, म्हणून मी आधीच करून ठेवलं होतं — जांभळी पार्श्वभूमी, पाच पाकळ्यांचं झोकदार फूल. बाईंनी पाकीट लांब धरलं, मग जवळ, मग उलटं.
“हे कोनतं फूल होय व?”
“मोहाचं.”
“महू पाह्यला काय तू कधी?”
मी नेहमीचं हत्यार काढलं — सरांनी केलंय, नागपूरच्या.
“तं सरले आन ना घेऊन. टोपली देतो त्याले, येचू दे महू.” आणि माझ्याकडे रोखून बघत, “तुले येते का नाही, ते सांग.”
“येतं.”
“मंग काऊन लपून राह्यली त्याच्या मागं?”
नऊ महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी पाणी आणायला आत गेले आणि उगाच आतच थांबले.

२ एप्रिल
काल जमुनाबाईंकडे मुक्काम. पहाटे मोहाखाली. फूल जांभळं नाही, मोठंही नाही! फिकट, गुबगुबीत, द्राक्षाएवढं, आणि वास असा की भूकही लागते आणि झोपही. दोन तास वेचलं. कंबर गेली. माझी टोपली बघून बाया हसून लोळल्या — निम्मी पानंच होती.
तिथेच बसून पेन्सिलीनं काढलं. जमुनाबाईंनी कागद घेतला, सगळ्या बायांमध्ये फिरवला, परत दिला. “हा. आता महू दिसला.”
सरांचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

२० मे
लिहायचं नव्हतं. लिहिते.
गोवर्धनजी सकाळी आले, पेढे घेऊन. मिलच्या सगळ्या मालाला नवीन रूप द्यायचंय, तीन जातींचे तांदूळ, पोहे, ट्रकसुद्धा. वर्षातलं सगळ्यात मोठं काम! आणि म्हणाले, सरांना त्यांनी गोंदियात ऑफिस काढून द्यायचं ठरवलंय. मी तिथे मदतीला राहीन.
“मदतीला?”
“सर से बात हो गई. वो बोले, रीना अभी सीख रही है, धीरे-धीरे आ जाएगा.”
पेढा हातातच राहिला.

संध्याकाळी देवेंद्रला विचारलं. नाही म्हणाला नाही. बराच वेळ चपलेचा पट्टा नीट करत बसला. मग म्हणाला, “ऑफिसात सात वर्षं झाली. पार्सल कुठं ठेवू हे पण मला कोणी विचारत नाही. त्या फोनवर लोक ‘जी सर’ म्हणतात, रीना. तोंडातून निघून गेलं.”
तोंडातून निघून गेलं! मला ओरडायचं होतं, पण ते वाक्य माझंच होतं. सुरुवात तर मीच केली.
तरीही वाईट वाटलं. अजून वाटतंय.

२२ मे
आज सकाळी सरांचं सिम चहाच्या बशीत ठेवलेलं सापडलं.

२४ मे
मिलमध्ये जाऊन आले. गोवर्धनजी गादीवर, बाजूला त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई पावत्या लावत होत्या. लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यासमोर पोह्याच्या पिशवीचं डिझाइन काढलं. अर्ध्या तासात. ते वाकून बघत राहिले. मग सांगितलं — सर नाहीत. कधीच नव्हते. जे काय आहे ते हेच हात.
“तो फोन पर कौन था?”
“माझे मिस्टर. कुरिअरच्या ऑफिसात असतात.”
मग गोवर्धनजी हळूच, “मैंने तो उनसे अपने घुटने का इलाज पूछा था!”
“काय सांगितलं त्यांनी?” मला राहवलंच नाही.
“एरंडी का तेल.”
सुलोचनाबाईंनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. पावत्या खाली पडल्या. त्यानं गोवर्धनजी जास्तच भडकले. “मजाक समझ रखा है? जाइए आप.”
काम गेलं. गाडीवरून येताना रडू येईल असं वाटलं होतं. मध्येच एरंडीचं तेल आठवलं आणि हेल्मेटमध्ये एकटीच हसत आले.

२६ मे
मिठाईवाल्यालाही सांगून टाकलं. तो म्हणाला, “अच्छा! मगर मोर किसने बताया था?”

३० मे
देवेंद्रनं आज साहेबांना सांगितलं की काचेची पार्सलं खाली ठेवू नका.
“मग?”
“कोणी ऐकलं नाही. पण बोललो.”
चहा त्यानं केला. साखर जास्त झाली होती. प्याले.

७ जून
दुपारी सुलोचनाबाई आल्या. एकट्याच, ऑटोनं. बसायच्या आधी पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला — मिलची नोंदणी. मालकाच्या जागी सुलोचनाबाईंचं नाव. अठरा वर्षांपासून!
“पिशव्या, ट्रक सगळं तूच करायचं. पण आधी मिलचा बोर्ड, माझ्या नावाचा,” म्हणाल्या. “यांना अजून सांगितलं नाही मी.”
मी विचारलं, नाव केवढं घेऊ?
“ट्रकवाल्याला चालत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे.”