शोभाच्या शेतातल्या गाठी

२४ जून
शोभा जिवाणू खताच्या पुड्या घेऊन आली. "बाई, तुमच्यासाठीबी आणल्या. सोयाबीनच्या बियाले चोळा." धाकटी जाऊ, पण बोलणं मोठीचं.
"हाये माह्यापाशी," म्हटलं. होती एकच, लागतात तीन. एकीतच सगळं बियाणं उरकलं. तिच्या हातचं नको होतं.
भिंतीपलीकडे ती अन् दीर बियाणं चोळत होते, हसत होते. हे होते तेव्हा गुळाचं पाणी हे शिंपडायचे, मी चोळायची.

१६ जुलै
शो.चं शेत काळंभोर हिरवं. माझं पिवळट. मधे फक्त धुऱ्याचा बांध. तिला नवरा, तिलाच पीक.
दीर म्हणाले, "वहिनी, या साली नाही साधलं तं वावर आमाले बटाईनं द्या, अर्ध्या वाट्यानं." आमच्या यांच्या हातचं वावर. जीव गेला तरी...

२ ऑगस्ट
वाचनालयातून शेतीचं पुस्तक आणलं. जिवाणू आपसात बोलतात. आवाजानं नाही, कसलासा रस सोडून. थोडे असले की गप्प. पुरेसे जमलो हे एकमेकांना कळलं की सगळे मिळून कामाला लागतात. मुळांवर गाठी धरतात, हवेतला नत्र झाडाला मिळतो.
पान दोनदा वाचलं. एवढ्याशा जिवांनाही बोलायला कोणी आहे. त्यांचाही हेवा वाटला.
आणि माझी ती एक पुडी.

५ ऑगस्ट
दुपारी धुरा ओलांडून शो.चं एक झाड उपटलं. मुळाला गाठीच गाठी. एक नखानं फोडली; आतून लालसर, म्हणजे कामाला लागलेली. माझ्या झाडाला चारदोन, पांढऱ्या.
मागून आवाज. "बाई, चोरी काहून करून राह्यल्या? मांगतलं असतं तं टोपलंभर देल्लं असतं!" हसली. मग माझं झाड हातात घेतलं. "किती पुड्या लावल्या होत्या?"
"एक."
हसायची थांबली. काय ते समजली. तिची कीव नको होती मला.

६ ऑगस्ट
सकाळी ओट्यावर घमेलंभर माती, तिच्या सोयाबीनखालची. भिंतीवरून म्हणाली, "थंडाव्यात ठेवा, जिवाणू हायेत यात. पुढल्या पेरणीले कामी येईन. पाणी म्या शिंपडीन, तुमी चोळा. अन् वावर देऊ नका, यायच्याशी म्या बोलते."
माझ्या वावराचंही तीच बोलणार. शिंपडायचं काम तर आमच्या यांचं होतं.
घमेलं आत घेतलं नाही. दुपारी ऊन ओट्यावर आलं, तेव्हा उठून वर ओलं पोतं टाकलं.