खंडोबाचं बिल नंबर एक

संत तुकाराम नगर, पिंपरी
शनिवार, ४ एप्रिल

ती. सौ. विजयश्रीताई यांस,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे योगिनीचा, वाकून नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? दाजींचा गुडघा जिने चढू देतो का, की अजून लिफ्टचीच वाट बघायला लावतो? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. फक्त परवापासून घरात कुणी कुणावर ओरडलेलं नाही, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. ताई, तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत आहे (दाजी त्याला पारदर्शक कारभार म्हणतात), आणि मला जे सांगायचंय ते मामंजींच्या कानावर जायला नको आहे. म्हणून आपल्या टेम्पोचा ड्रायव्हर भिवा, त्याच्या हाती हे पाठवतेय. भिवा वाटेत डबा उघडून बघतो, पण पत्र उघडत नाही. डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे; कमी वाटली तर समजून घ्या.

मामंजींनी तुम्हाला सांगितलं असेल की ते हवापालटासाठी आलेत. संत तुकाराम नगरहून पिंपळे सौदागरला हवापालटासाठी गेलेला दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही. हवा तीच, तुमच्याकडे ती सातव्या मजल्यावर मिळते एवढंच. खरी गोष्ट अशी की तुमचे वडील रुसून आलेत, आणि ते माझ्यावर किंवा तुमच्या भावावर रुसलेले नाहीत, बिलं करायच्या सॉफ्टवेअरवर रुसलेत. त्याची समजूत कशी काढतात ते मला माहीत नाही, म्हणून मामंजींची काढावी लागणार. सोमवारी सकाळपर्यंत त्यांना परत आणायचंय.

झालं असं. गेल्या वर्षी आपल्या भोसरीच्या वर्कशॉपची उलाढाल पाच कोटींच्या वर गेली (किती वर ते लिहीत नाही, दृष्ट लागते). आम्ही पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच आपल्या सीए दिपाली मॅडम म्हणाल्या की आता एक एप्रिलपासून हाताने लिहिलेली बिलं बंद. बिल आधी सरकारच्या पोर्टलवर चढवायचं, तिकडून क्यूआर कोड आला की छापायचं, मगच माल बाहेर काढायचा. आपला माल घेणाऱ्या चाकणच्या कंपनीनेही कळवून टाकलं की सोमवार सहा तारखेपासून बिलावर कोड नसेल तर टेम्पो गेटच्या आत घेणार नाही. म्हणजे सॉफ्टवेअर घेणं आलं.

आता बिलं म्हणजे मामंजींचा प्रांत. तीस वर्षं तेच लिहीत आलेत, मध्ये कार्बन घालून, बॉलपेन असं दाबून की खालच्या टेबलावरही बिल उमटावं. आणि दर वर्षी एक एप्रिलचं बिल नंबर एक कोणाच्या नावाने फाडतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. ‘मे. खंडोबा. ब्रॅकेट, नग एक. दर: कृपा.’ मग वर्कशॉपात बनलेला तो लोखंडी ब्रॅकेट देवघरात जातो. (सध्या तिथे तीस ब्रॅकेट आहेत. अन्नपूर्णा मागच्या रांगेत गेली आहे, ती मला फक्त झाडताना दिसते.) त्यामुळे सॉफ्टवेअर दाखवायला जो कुणी आला, त्याच्यासमोर मामंजींची एकच परीक्षा: यात खंडोबाचं बिल करून दाखव.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटातलं होतं. त्याने गिऱ्हाईकाचं राज्य विचारलं. मामंजी म्हणाले, “त्याचं राज्य सगळीकडं हाय.” यादीत ‘सगळीकडे’ नव्हतं. त्या माणसाने समजुतीने महाराष्ट्र निवडलं, तर मामंजींनी त्याला विचारलं की कर्नाटकातल्या भक्तांना तू काय तोंड दाखवणार? (त्या सॉफ्टवेअरला क्यूआर कोड आणताच येत नव्हता हे नंतर कळलं. म्हणजे ते नापासच होतं, पण कारण वेगळं होतं.) दुसरं सॉफ्टवेअर महाग आणि ऐटबाज होतं. त्याला दराच्या जागी ‘कृपा’ चालेना, आकडाच हवा. शून्य घातलं तर लाल चौकट आली. शेवटी एक रुपया घातला, तर त्याने कुणाला न विचारता खाली नऊ पैसे केंद्राचे आणि नऊ पैसे राज्याचे लावले. मामंजी खुर्चीतून उठले. “देवाला कर लावता व्हय रं?” तो बिचारा बॅग सावरत पायातल्या एकाच बुटावर गेला, दुसरा आम्ही भिवाकडून पोचता केला.

तिसरं घेऊन आली मोनिका नावाची मुलगी, चिंचवडच्या ऑफिसातून. तिने आधी मामंजींकडून कंपनीतल्या लेथवरच्या दिवसांची गोष्ट ऐकून घेतली, अख्खी, मग लॅपटॉप उघडला. कर तिथेही लागला, पण ती म्हणाली, “आजोबा, देवाच्या वतीने तुम्ही भरा की, पुण्य लागेल.” मामंजी विरघळले. दिपाली मॅडमनी सगळं तपासलं, हिशेबाला, जीएसटीला, सगळ्याला चालतंय म्हणाल्या. एक तारखेला मामंजींनी एका बोटाने खंडोबाचं बिल नंबर एक टाइप केलं. पाऊण तास लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मोबाईल नंबराच्या रकान्यात त्यांनी स्वतःचा नंबर घातला, कारण देवाचे निरोप मलाच येतात म्हणे.

निरोप दुसऱ्याच दिवशी आला. आम्ही वर्कशॉपमध्ये जेवायला बसलो होतो, आणि मामंजींनी मेसेज मोठ्याने वाचला: ‘प्रिय खंडोबा, आपल्याकडे एक रुपया अठरा पैसे थकीत आहेत. कृपया त्वरित भरून सहकार्य करावे.’ ताई, मला हसू आलं हा माझा गुन्हा, मी कबूल करते. ताक नाकातून आलं. मामंजींचा चेहरा मात्र असा उतरला की मी पुढचा घास घेतला नाही. ज्या देवाने एका लेथवरून इथवर आणलं, त्याच्याकडे आपण तगादा लावला, हे त्यांच्या मनाला फार लागलं. तुमच्या बंधूंनी घाईने बिल रद्दचं बटण दाबलं. लगेच दुसरा मेसेज: ‘प्रिय खंडोबा, आपला व्यवहार रद्द करण्यात आला आहे.’

मामंजींनी ताट सरकवलं, जुनं बिलबुक काखेत मारलं आणि रिक्षा केली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दिपाली मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या हसत हसत म्हणाल्या की देवाचं बिल ही विक्रीच नाही, ते मुळात तिथे घालायचंच नव्हतं. एक नंबर रद्द म्हणून तसाच दाखवायचा, खरी बिलं दोनपासून, आणि देवाचं बिल खुशाल जुन्या बिलबुकात लिहा, सरकारची काही हरकत नाही. एवढंच होतं! मामंजींना शांतपणे समजावून तुम्ही धाडून द्या. लेकीचं ऐकतात ते.

मोठ्यांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची,
योगिनी

ता. क. आता खरं सांगते. नवं सॉफ्टवेअर पोर्टलला जोडायला ओटीपी लागतो. वर्कशॉप मामंजींच्या नावावर, तेव्हा तो त्यांच्याच मोबाईलवर जातो. काल चारदा पाठवला. फोनवर मागितला तर म्हणाले, ओटीपी कोणालाही सांगू नये असं बँकेने बजावलंय, आणि सुनेचा आवाज कुणीही काढू शकतं. तेव्हा ताई, माणूस नाही आला तरी चालेल, सोमवारी सकाळी परत पाठवते, तेवढा आकडा बघून लगेच कळवा.

ता. क. दुसरा. वरचं वाक्य खोडायचं होतं. चालणार नाही. कालपासून वर्कशॉपमध्ये सगळे कामाला वेळेवर येतायत आणि कुणालाच करमत नाहीये.

ता. क. तिसरा, मामंजींसाठी. ताईंच्या हातातून हे पत्र तुम्ही घेतलंच असणार. मी त्या दिवशी हसले, चुकलं माझं. देवघरात एकतिसाव्या ब्रॅकेटची जागा केली आहे. सोमवारी सकाळी सातला भिवा खाली टेम्पो घेऊन उभा राहील, बिलबुक घेऊन या. आधी खंडोबाचं बिल तुमच्या हाताने फाडा, मग ओटीपीही तुमचा तुम्हीच टाका. मला सांगू नका. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहीन.