हयात असल्याबद्दल

प्रिय आई,

तुझा पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. ती तीन वेळा नाही म्हणाली. चौथ्या वेळी मी रडकुंडीला आले, तेव्हा तिनं एका बिलाच्या पाठीवर तो लिहून दिला आणि वर बजावलं, ‘माझं नाव सांगू नकोस.’ ते मी पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाले. मला हल्ली काही लपवून ठेवायचा फार कंटाळा येतो. अकरा वर्षांनी आईला लिहायला बसल्यावर सुरुवात कशी करायची असते, मला माहीत नाही. त्यामुळे बातम्यांपासूनच करते.

मी एका मोठ्या दवाखान्याच्या कपडेखात्यात आहे. चादरी, अभ्रे, गाऊन, पडदे. धुऊन आलेल्या चादरी चौघी मिळून झटकायच्या, कोपरे जुळवायचे, शिक्का वर येईल अशी घडी घालायची आणि मजल्याप्रमाणे गाड्या भरायच्या. दहा वर्षं झाली. हात आपोआप चालतात, पण पाय संध्याकाळपर्यंत इतके सुजतात की बूट काढले तर परत चढत नाहीत. म्हणून मी ते घरी येईपर्यंत काढतच नाही. गेल्या वर्षी आमच्यावर एक नवा साहेब आला. तेवीस वर्षांचा. त्याला सगळं काम मीच शिकवलं. पोरगा वाईट नाही, मला मान देतो, पण त्याच्याकडे पदवी आहे आणि माझ्याकडे नाही. त्याला शिकवून झाल्यावर एका दुपारी चादरींच्या ढिगाला टेकून उभी होते. वाटलं, आणखी तीस वर्षं हेच करायचं का? दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कॉलेजात गेले. जे अर्धवट सोडलं होतं, त्याच कॉलेजात. दुसरीकडे माझे जुने गुण कुणी धरत नाही.

तिथं नियम असा निघाला की माझ्यासारखीनं आधी पदरमोड करून दोन विषय घ्यायचे, ते पास होऊन दाखवायचे आणि मग बंद पडलेल्या शिष्यवृत्तीसाठी समितीकडे अर्ज करायचा. घेतले दोन विषय, संध्याकाळच्या वर्गात. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर अख्खा वर्ग उठून उभा राहिला. त्यांना वाटलं, शिकवायला आलेय. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. आता ती मुलं मला ‘आजी’ म्हणतात. तिशी नुकतीच ओलांडलीय मी! पण माझ्या वह्या सगळ्या वर्गात फिरतात, त्यामुळे आजीला जपतातही. दोन्ही विषयांत पास झाले, चांगल्या गुणांनी. निकाल कळला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी घरी येऊन नुसती झोपले. पुढचे विषय मात्र मला परवडणारे नाहीत. शिष्यवृत्ती परत मिळाली तर दीड वर्षात पदवी होईल. नाही मिळाली तर इथंच थांबायचं. मधला रस्ता नाही, सगळीकडे विचारून झालंय.

बाबा बरे आहेत. कचेरीबाहेरचं त्यांचं टेबल तीन वर्षांपूर्वी बंद झालं. लोक आता अर्ज फोनवरूनच भरतात. टाइपरायटर घरी आणलाय, त्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो. डाव्या डोळ्यानं त्यांना जवळजवळ दिसत नाही, तरी पेपरातल्या जाहिरातींमधल्या चुका शोधून लाल पेनानं दुरुस्त करत बसतात. मी अर्ज करणार म्हटल्यावर त्यांच्या अंगात उत्साह संचारला. इस्त्रीचे कपडे खाली उतरले. तुला त्यांचा धंद्यातला नियम आठवत असेल, जेवताना सुद्धा सांगायचे: अर्जात कारण एकच द्यावं, आणि ते असं द्यावं की वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायची लाज वाटली पाहिजे. त्या नियमावर त्यांनी शेकडो लोकांची कामं करून दिली. माझंही एक करून दिलं होतं. ते तुला माहीत नाही. ते सांगायचं माझ्या जिवावर आलंय, म्हणून इतका वेळ चादरींच्या घड्या घालत बसले.

तू गेलीस ते माझं कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. त्या सत्रात मी सहापैकी चार विषयांत नापास झाले आणि शिष्यवृत्ती थांबली. पत्र आलं, कारण असल्यास पुराव्यासह अर्ज करा म्हणून. कारण होतं, पण ते बाबांना सांगायचं कसं? तू गेलीस तेव्हा तुझी किल्ली खिळ्याला तशीच होती. बाबा सकाळीच टेबलावर जायचे. मी कॉलेजला गेले असते तर दाराला कुलूप लागलं असतं, आणि तू परत आलीस तर? शेजारी किल्ली ठेवायची म्हणजे शेजाऱ्यांना सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मी घरी थांबले. रोज वाटायचं, आजचा एक दिवस बघू. परीक्षेच्या दिवशीही तेच वाटलं. दोन पेपर मी दिलेच नाहीत, आणि दिले त्यातल्या दोनांत काय लिहिलं ते देव जाणे. हे बाबांना मी अर्धवट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘हे खरं आहे, पण फार लांबतं.’ मग त्यांनी कागद चढवला आणि एका दमात, एकही अक्षर न खोडता टाइप केलं. माझ्या आईचे अल्पशा आजाराने निधन झाल्यामुळे. खाली मी सही केली. दाखलाही त्यांनी कुठून तरी मिळवला. कसा, ते मी विचारलं नाही.

आई, मी एकोणीस वर्षांची होते हे खरं, पण मला लिहिता-वाचता येत होतं. काय लिहिलंय ते वाचूनच सही केली. आणि तेव्हा मला वाईट वाटलं नाही. तुझा इतका राग होता की बरंच वाटलं.

अर्ज लगेच मंजूर झाला. बाबांच्या नियमाप्रमाणे कुणीही पुढचा प्रश्न विचारला नाही. समितीत इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांची आई त्याच वर्षी वारली होती. तिथून सगळं बिघडलं बघ. त्या रोज माझी चौकशी करायच्या, फळं आणायच्या, रविवारी घरी बोलवायच्या. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तुझं आजारपण सांगायचे. आधी एक आठवड्याचं होतं, मग तीन आठवड्यांचं झालं. कुठल्या कुशीवर झोपायचीस, शेवटी काय मागितलंस, सगळं. मॅडम रडायच्या आणि मीही रडायचे, आणि माझं रडणं खोटं नव्हतं, हे मला अजून कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. मग एक दिवस त्या म्हणाल्या, तुझ्या आईच्या नावानं कॉलेजात एक बक्षीस ठेवू या, दोघींच्या आयांची आठवण राहील. पैसे मी घालते, तू फक्त एक फोटो आण. त्या दिवसापासून मी कॉलेजात गेलेच नाही. नाव कमी करायचा फॉर्म भरायचा असतो, तोही भरला नाही. भरायला ऑफिसात जावं लागलं असतं आणि ऑफिस त्यांच्या खोलीसमोर होतं. सहाच्या सहा विषयांत गैरहजर म्हणून नापास. बाबांना वाटायचं मी रोज जाते. मी रोज बाहेर पडायचे, ते दवाखान्याच्या धोबीघरात जायला लागले.

यंदा कॉलेजात पाऊल ठेवलं आणि पहिल्या मजल्यावर पाटी दिसली. फोटो मिळाला नाही म्हणून बक्षीस थांबलेलं नव्हतं. दहा वर्षं दिलंय त्यांनी. तुझं नाव, पुढं ‘स्मृतिप्रीत्यर्थ’, आणि खाली दहा मुलींची नावं. संध्याकाळच्या वर्गाला जायला तोच जिना आहे. पूर्ण सत्र मी रोज त्या पाटीखालून मान खाली घालून गेले. हसू येण्यासारखंही आहे, मला माहीत आहे. एकदा आलंही, आणि मग थांबेना.

म्हणून बाबांनी टाइपरायटर पुसून ठेवला तरी या वेळचा अर्ज मी हातानं लिहिला. साडेचार पानं. किल्ली, पेपर, पहिला अर्ज, मॅडम, सगळं. बाबांनी तो भिंग लावून वाचला. मला वाटलं चिडतील. त्यांनी एक स्वल्पविराम घातला आणि म्हणाले, ‘भाषा बरी आहे, पण फेटाळतील.’ मग भिंग पुसत म्हणाले, ‘तो जुना टाइप करताना मला बरं वाटलं होतं गं.’ मलाही वाटलंच होतं.

कॉलेजच्या खिडकीमागे एक कायम सर्दी झालेली बाई असते. तिनं जुनी फाईल काढली, नवा अर्ज शेजारी ठेवला, नाक पुसलं आणि म्हणाली, ‘अहो, फायलीत तुमच्या आई वारल्यात आणि अर्जात त्या सोडून गेल्यात. मी कुठल्या आई पुढं पाठवू?’ मी म्हटलं, अर्जातल्या. तिनं माझ्यामागे रांगेत कुणी आहे का ते पाहिलं. मग आवाज खाली आणून सांगितलं, ‘जुनंच कारण राहू द्या. दुःखातून सावरले असं लिहा, कोणी उघडून बघत नाही. माझं ऐका, दमलेल्या दिसताय.’ ती माझ्या भल्याचंच सांगत होती आणि मी खरंच इतकी दमले होते की पेन हातात घेतलंही. पण मग पुढचं दीड वर्ष त्याच जिन्यानं जायचं होतं. मी म्हटलं, हाच पाठवा.

त्याआधी मी मॅडमना भेटून आले होते. त्या निवृत्त झाल्यात, घर तेच आहे. समितीकडून त्यांना कळण्याआधी मीच सांगायला हवं होतं. सांगितलं. मला वाटलं, आता हाकलून देतील, आणि तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी हळूच एवढंच विचारलं, ‘मग त्या बऱ्या आहेत ना?’ आई, मला माहीतच नव्हतं. त्यांनी माझा हात धरला नाही, पण दारापर्यंत सोडायला आल्या.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. समितीनं अर्ज फेटाळलेला नाही. त्यांनी कळवलंय की फायलीतली खोटी नोंद आधी दुरुस्त व्हायला हवी आणि ती माझ्या शब्दावर होणार नाही. जिचं निधन झाल्याचं मी लिहून दिलं, तिची सही लागेल. सोबत कागद जोडला आहे. मजकूर मीच लिहिलाय, दोनच ओळी आहेत, की मी अमुकची आई असून आजच्या तारखेस हयात आहे. पंचवीस तारखेच्या आत पोचला तर माझं शिक्षण होईल, नाही पोचला तर नाही होणार. तुला मारून टाकल्यावर तुझ्याकडेच सही मागायला मला लाज वाटते. आणि तू गेलीस त्याचा रागही अजून आहे, तो लपवत नाही. सही करावीशी वाटली नाही तर नको करूस, मी समजेन. तू का गेलीस, तेही विचारत नाही. पण त्या कागदाची मागची बाजू मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, दोन वर्षांत काही कळलेलं नाही. तू कशी आहेस, तेवढं मागच्या बाजूला लिही. पंचवीस तारीख उलटून गेली असली तरी लिही आणि पाठव.

तू वाच किंवा वाचू नकोस, तरीही तुझीच,
बारकी